लाखभर फायलींचा फोल्डर आणि जाणारी-येणारी लाइन: ईएक्सटी४ डिस्कवरचे फोल्डर वेगवान व शाबूत ठेवण्याची कृती

दिवाळी ते संक्रांत या दिवसांत वणी, पांढरकवडा, राळेगाव, हिंगणघाट या पट्ट्यातल्या जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीमागे संगणकात चार-पाच फायली तयार होतात: भरल्या गाडीचे पुढून-मागून फोटो, रिकाम्या गाडीचा फोटो आणि वजनाची पावती. बहुतेक ठिकाणी हे सगळं एकाच फोल्डरात पडत जातं. हंगाम भरात आला की काटेवाला म्हणतो, "भाऊ, पावती निघायला लय टाइम लागून राहिला." रांगेत कास्तकार ताटकळत असतो, मालक चिडलेला असतो आणि कुणीतरी सल्ला देऊन जातो की संगणक जुना झाला, नवा घ्या.

गावच्या सेवा केंद्रात स्कॅन केलेल्या दाखल्यांचं असंच होतं. फोटो स्टुडिओत लग्नसराईनंतर असंच होतं. ताडोबा-मेळघाटच्या आसपास जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपचे फोटो साठवणाऱ्यांचंही असंच होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हजारो रुपये खर्च करण्याआधी तो फोल्डर डिस्कवर कसा ठेवलेला आहे ते बघा. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं आणि त्याचा इलाज फुकट आहे. फक्त तो योग्य क्रमाने करायला हवा, कारण आपल्याकडे काम चालू असताना लाइन जाते आणि चुकीच्या क्षणी गेली तर इलाजच अंगाशी येतो.

हा लेख लिनक्स आणि ईएक्सटी४ फाइल सिस्टम (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याची पद्धत) धरून लिहिला आहे. विंडोज आणि पेनड्राइव्हबद्दल शेवटी थोडं आहे. कमांड बोलतो तशा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. "वजा" म्हणजे डॅश. मोठं अक्षर हवं तिथे "कॅपिटल" असं लिहिलं आहे, बाकी सगळी अक्षरं स्मॉल.

फोल्डरच्या आत काय असतं

डिस्कच्या दृष्टीने फोल्डर हीसुद्धा एक फाइलच असते. तिच्यात नोंदी असतात: फाइलचं नाव आणि त्यापुढे एक क्रमांक, ज्याला आयनोड क्रमांक म्हणतात. फाइल किती मोठी, कधी बदलली, तिचा मजकूर डिस्कवर कुठे आहे, ही माहिती त्या आयनोडमध्ये असते. फोल्डर फक्त नावावरून आयनोडपर्यंत पोचवतो.

ईएक्सटी४ ची पूर्वज असलेल्या १९९३ च्या ईएक्सटी२ मध्ये या नोंदी एकामागून एक नुसत्या रचलेल्या असत. नाव शोधायचं तर पहिल्या नोंदीपासून वाचत जायचं, जसं अनुक्रमणिका नसलेल्या फेरफार रजिस्टरात एका खातेदाराचं नाव शोधायला पान न् पान उलटावं लागतं. नवी फाइल ठेवतानाही तेच, कारण त्या नावाची फाइल आधीपासून नाही ना हे पाहायला सगळ्या नोंदी तपासाव्या लागतात. हिशोब करून बघा. एक लाख फायली एकेक करून ठेवायच्या, तर नावांच्या तुलना होतात सुमारे ५०० कोटी. पहिल्या हजार फायलींना काहीच जाणवत नाही, म्हणून दसऱ्याला काटा झपाझप चालतो आणि जानेवारीत रखडतो.

डॅनियल फिलिप्स यांनी २००१ च्या सुमारास यावर एचट्री नावाची रचना केली आणि २००२ मध्ये ती ईएक्सटी३ मध्ये आणली गेली. हिच्यात फाइलच्या नावावरून एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंतची नावं कोणत्या ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यात) आहेत, याची यादी म्हणजे इंडेक्स. ४ केबीच्या एका ब्लॉकमध्ये इंडेक्सच्या पाचशेच्या आसपास नोंदी मावतात. त्यामुळे इंडेक्सचं झाड फार उंच व्हावंच लागत नाही. मुळाचा एक ब्लॉक, गरज पडली तर मधला एक, आणि मग नावांचा ब्लॉक. लाख फायली असोत की दहा लाख, दोन-तीन ब्लॉक वाचले की नाव सापडतं.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगाची नाही. नावं आणि आयनोड क्रमांक हे शेवटच्या ब्लॉकमध्ये जुन्याच साध्या पद्धतीने लिहिलेले असतात. इंडेक्स फक्त वाट दाखवतो. म्हणजे इंडेक्स खराब झाला तरी नावं जात नाहीत. नावांवरून इंडेक्स पुन्हा बांधता येतो. खाली दिलेली दुरुस्ती याच आधारावर उभी आहे.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांसाठी इथे एक लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "ज्ञानेश्वर" या नावात अशी १० चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. खातेदाराचं पूर्ण नाव, गाव, गट क्रमांक आणि दाखल्याचा प्रकार असं लांबलचक मराठी नाव दिलं तर ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. शिवाय नाव जितकं लांब तितक्या कमी नोंदी एका ब्लॉकमध्ये बसतात आणि फोल्डर फुगतो. मराठी नाव जरूर द्या, फक्त आटोपशीर द्या.

जर्नल काय वाचवतं आणि काय नाही

नावांचा एक ब्लॉक भरला की एचट्री त्याचे दोन भाग करते. अर्ध्या नोंदी नव्या ब्लॉकमध्ये हलवायच्या, जुन्यातून काढायच्या, इंडेक्समध्ये नव्या ब्लॉकची नोंद करायची, फोल्डरचा आकार वाढवायचा, आणि तो ब्लॉक आता वापरात आहे हे डिस्कच्या नकाशात लिहायचं. पाच ठिकाणी लिहिणं झालं. यातली दोन झाली आणि लाइन गेली, तर अर्ध्या फायलींची नावं हवेत लटकतात.

ही भीती घालवण्यासाठी जर्नल आहे. ईएक्सटी३ ते घेऊन २००१ च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सच्या २.४.१५ आवृत्तीत आली. ईएक्सटी४ डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ सोबत स्थिर म्हणून जाहीर झाली. पाचही बदल आधी जर्नलमध्ये एकत्र लिहिले जातात, त्यावर पूर्ण झाल्याची खूण केली जाते आणि नंतर ते आपापल्या जागी जातात. मध्येच लाइन गेली तर संगणक पुन्हा सुरू होताना खूण असलेले बदल पुन्हा केले जातात आणि खूण नसलेले सोडून दिले जातात. एरवी काही तास चालणारी तपासणी त्यामुळे काही सेकंदांत आटोपते.

पण जर्नल कशाची हमी देत नाही, हे नीट समजून घ्या. ही खूण नेहमीच्या मांडणीत दर ५ सेकंदांनी होते, म्हणून शेवटच्या काही सेकंदांतलं काम जाऊ शकतं. नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फाइलचा मजकूर जात नाही, फक्त रचनेची माहिती जाते. आणि ईएक्सटी४ मजकूर डिस्कवर लिहायला थोडी उशिराच जागा देते, त्यामुळे नुकत्याच बनलेल्या फाइलचं नाव तर राहतं पण आत काही नाही, अशी शून्य आकाराची पावती उरते. काट्यावर लाइन गेल्यानंतर हे हमखास तपासा: फाइंड, मग फोल्डरचं नाव, वजा टाइप एफ, वजा साइझ ०. जी नावं येतील त्या पावत्या गाडीवाला आवारातून बाहेर पडण्याआधी पुन्हा काढा. कास्तकाराचा हिशोब त्या कागदावर असतो.

डिस्कच खराब होत असेल, रॅम सदोष असेल किंवा डिस्क "लिहिलं" असं सांगून प्रत्यक्षात स्वतःच्या कॅशमध्येच ठेवत असेल, तर जर्नल काहीही करू शकत नाही. काही स्वस्त यूएसबी केस हा शेवटचा घोळ करतात. रोजच्या कामाची डिस्क अशा केसमध्ये ठेवू नका.

पहिलं काम: खरंच फोल्डरच अडतोय का

फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडून वेग ठरवू नका. तो प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवत बसतो. तो वेगळा उशीर आहे. टर्मिनल उघडा. साधी एलएस कमांडही सगळी नावं गोळा करून क्रम लावते, आणि रंग चालू असेल तर प्रत्येक फाइलचा आयनोड वाचते. म्हणून एलएस वजा एफ, पाइप (उभी रेघ), डब्ल्यूसी वजा एल असं लिहा. यात क्रम लावणं नाही, फक्त मोजणी आहे. उत्तरातून २ वजा करा, कारण फोल्डर स्वतः आणि त्याच्या वरचा फोल्डर हेही मोजले जातात.

नंतर एलएस वजा एलडी आणि फोल्डरचं नाव. इथे जो आकार दिसतो तो आतल्या फायलींचा नाही, खुद्द फोल्डरचा आहे. साधारण ४० बाइटच्या नावांच्या लाखभर फायलींना पाच ते सात एमबी स्वाभाविक आहे. आत चारशे फायली आणि फोल्डर मात्र पाच एमबीचा, असं दिसलं तर तो एके काळी भरलेला होता आणि नंतर रिकामा केला आहे. ईएक्सटी४ मध्ये फायली पुसल्या तरी फोल्डर आक्रसत नाही. चारशे नावांसाठी संपूर्ण पाच एमबी चाळले जातात.

आता डीएफ वजा कॅपिटल टी देऊन फाइल सिस्टम कोणती ते बघा. ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ असेल तर सुडो (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), ट्यून२एफएस वजा एल आणि पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचं, नाव. "फीचर्स"च्या ओळीत तीन शब्द शोधा: हॅज अंडरस्कोर जर्नल, डीआयआर अंडरस्कोर इंडेक्स आणि मेटाडेटा अंडरस्कोर सीसम. पहिला नसेल तर जर्नलच नाही. दुसरा नसेल तर इंडेक्स बनणार नाही. तिसरा म्हणजे फोल्डरच्या प्रत्येक ब्लॉकवर तपासणीचा आकडा लिहिला जातो, त्यामुळे बिघाड लपून राहत नाही. ट्यून२एफएस ज्या संचात येतं त्या ईटूएफएसप्रॉग्सच्या २०१६ मधल्या १.४३ आवृत्तीपासून नव्या फॉरमॅटमध्ये तो आपोआप येतो. त्याआधी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर बहुधा नसेल.

डिस्कवर सोय आहे म्हणून याच फोल्डरला इंडेक्स आहेच असं नाही. एलएसएटीटीआर वजा डी आणि फोल्डरचं नाव द्या. खुणांच्या रांगेत कॅपिटल आय दिसला तर इंडेक्स आहे. सोय नंतर चालू केली असेल तर तेव्हा आधीच मोठे झालेले फोल्डर जुन्याच पद्धतीने चालत राहतात. अगदी छोट्या, एका ब्लॉकच्या फोल्डरला ही खूण नसते; तिथे गरजच नाही.

शेवटी डीएफ वजा आय. आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीला एक. बारीक बारीक फायली फार झाल्या की डिस्कवर जागा असूनही "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असं येतं. असाच संदेश इंडेक्स भरल्यावरही येतो, तेव्हा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत "डिरेक्टरी इंडेक्स फुल" लिहिलेलं सापडतं. ४ केबीच्या ब्लॉकवर दोन पातळ्यांच्या इंडेक्सची धाव साधारण एक कोटी फायलींच्या आसपास जाते, त्यामुळे काट्यावर हे होणार नाही. कॅमेरा ट्रॅपचे सगळे फोटो वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी ओतणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावं.

दुसरं काम: डिस्कची नाडी आणि बॅकअप

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. स्मार्टसीटीएल वजा ए आणि डिस्कचं नाव द्या. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक तुकडे) आणि १९७ म्हणजे वाचता न येणारे, प्रलंबित सेक्टर. १९७ समोर शून्याहून मोठा आकडा असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा. आधी डेटा काढा. मरणाऱ्या डिस्कवर तपासणी चालवणं म्हणजे तिला उरलासुरला फटका देणं. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत घ्या आणि पुढचं काम त्या प्रतीवर करा.

१९४ क्रमांकाच्या ओळीत तापमान असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर पारा जातो, टिनाच्या शेडखालच्या काट्याच्या खोलीत त्याहून जास्त. साध्या हार्ड डिस्कची चालण्याची मर्यादा साधारण ६० अंश असते. त्यात कापसाचं तूस पंख्यात बसलेलं असतं. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, बाकी काही करा न करा.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या; त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतलेला बॅकअप धरू नका. इथे एचट्रीचा एक तोटा समोर येतो. फोल्डर वाचताना नावं हॅशच्या क्रमाने मिळतात, आणि हॅशचा क्रम म्हणजे आयनोडच्या दृष्टीने पूर्ण विस्कळीत क्रम. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला मुंडकं हलवून हवी ती जागा खाली येईपर्यंत सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक फाइलला एक उडी धरली तरी लाख फायलींना २० मिनिटं फक्त उड्यांत जातात, मजकूर वाचण्याचा वेळ वेगळा. क्रम आयनोडचा असेल तर एकाच ४ केबीच्या ब्लॉकमध्ये २५६ बाइटचे १६ आयनोड एकदम हाती लागतात.

म्हणून मोठा फोल्डर हार्ड डिस्कवरून उतरवताना आधी एलएस वजा कॅपिटल यू वजा आय वजा १ ने क्रमांकासह नावं काढा, सॉर्ट वजा एनने क्रमांकानुसार लावा, क्रमांकाचा रकाना काढून टाका आणि उरलेली यादी टारला (अनेक फायलींचा एक गठ्ठा करणाऱ्या कमांडला) वजा कॅपिटल टीने द्या. थोडी खटपट आहे, पण जुन्या डिस्कवर फरक डोळ्यांनी दिसतो आणि डिस्कची दमछाकही कमी होते. एसएसडी असेल तर याची गरज नाही. खर्च करायचाच असेल तर संपूर्ण संगणकाऐवजी चांगली एसएसडी घ्या, असंच मी सांगेन.

बॅकअप झाला की त्यातल्या पंधरा-वीस पावत्या उघडून बघा. मोजणी जुळते का तेही बघा.

तिसरं काम: इंडेक्स बांधणं

हे काम पार्टिशन अनमाउंट करूनच, म्हणजे चालू वापरातून सोडवूनच, होतं. माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती चालवली तर चांगली फाइल सिस्टमही मोडते. याला अपवाद नाही. डेटा त्याच पार्टिशनवर असेल जिथून लिनक्स सुरू होतं, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (जिच्यावरूनच लिनक्स चालतं) संगणक सुरू करा.

आणि लाइन. या कामाला जर्नलचं संरक्षण नसतं. ते अर्ध्यावर तुटणं वाईट. माझा आग्रह असा की डिस्क काढून, चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपला खात्रीच्या केबलने जोडून हे करा. ते शक्य नसेल तर यूपीएसवर करा आणि यूपीएस किती वेळ धरतो ते आधी लाइन बंद करून पाहून घ्या. घरगुती इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. नाहीतर अदलाबदलीच्या त्या क्षणात संगणक पुन्हा सुरू होतो. वीज कडाडत असताना, विशेषतः मृगाच्या तोंडावर, हे काम हाती घेऊ नका.

आधी नुसतं बघा: सुडो, ई२एफएसके वजा एफ वजा एन आणि पार्टिशन. वजा एन म्हणजे काहीही न लिहिता तपासणी. स्पेलिंग सांगतो, कारण उच्चारावरून चुकतं: ई, २, एफ, एस, सी, के. पाच पायऱ्या सरकताना दिसतील. इथे शेकडो चुका धडाधडा निघाल्या तर थांबा आणि बॅकअप पुन्हा पडताळा.

इंडेक्सची सोय नसेल तर ट्यून२एफएस वजा कॅपिटल ओ, डीआयआर अंडरस्कोर इंडेक्स, आणि पार्टिशन. जुन्या डिस्कवर जर्नल नसेल तर ट्यून२एफएस वजा जे ने तेही बसतं.

मग खरं काम: ई२एफएसके वजा एफ वजा कॅपिटल डी. कॅपिटल डी म्हणजे सगळे फोल्डर नव्याने दाबून बसवा आणि इंडेक्स बांधा. यातच वजा झेड आणि एका फाइलचं नाव दिलं तर प्रत्येक बदललेल्या ब्लॉकची जुनी प्रत त्या फाइलमध्ये राहते आणि बिनसलं तर ई२अनडू ने मागे येता येतं. ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. शेवटी "फाइल सिस्टम वॉज मॉडिफाइड" असं येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बदल करायलाच सांगितला होता. पुन्हा एकदा वजा एफ वजा एन चालवा. यावेळी काही निघता कामा नये.

माउंट करून एलएसएटीटीआर वजा डी बघा. कॅपिटल आय आला असेल. लॉस्ट प्लस फाउंड या फोल्डरातही डोकवा. ज्यांचं नाव हरवलं पण आयनोड शाबूत होता, अशा फायली तिथे # हे चिन्ह आणि क्रमांकाच्या नावाने ठेवलेल्या असतात. फाइल नावाची कमांड प्रत्येकीवर चालवली की फोटो कोणता आणि पीडीएफ कोणती ते कळतं. पुसण्याची घाई करू नका. हरवलेली पावती तिथे सापडू शकते.

नुसता फुगलेला, आतून रिकामा फोल्डर असेल तर एवढं काही नको. शेजारी नवा फोल्डर करा, फायली त्यात हलवा, जुना काढा आणि नव्याला जुन्याचं नाव द्या. त्याच पार्टिशनवर हलवताना मजकूर हलत नाही, फक्त नावं हलतात, म्हणून लवकर होतं. काट्याचं सॉफ्टवेअर तेवढा वेळ बंद ठेवा.

चौथं काम: पुन्हा साचू नये म्हणून

इंडेक्स असला तरी लाखांचा एकच फोल्डर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. एचट्रीला तो झेपतो, पण बॅकअपला, फाइल मॅनेजरला, शोधणाऱ्या माणसाला झेपत नाही. हंगामाचा फोल्डर, त्यात महिना, त्यात दिवस, एवढं पुरतं. एखाद्या दिवशी वाद झाला तर त्या दिवसाचा फोल्डर उघडला की काम झालं. सॉफ्टवेअरवाल्याला हे करायला सांगा. त्याच्यासाठी दोन ओळींचं काम आहे. तो ऐकत नसेल तर रात्री काटा बंद झाल्यावर चालणारी छोटी स्क्रिप्ट लावा, जी आदल्या दिवसाच्या फायली दिवसाच्या फोल्डरात हलवेल.

स्क्रिप्टमध्ये एमव्ही किंवा आरएमसोबत नुसतं तारांकन लिहू नका. शेल सगळी नावं एका ओळीत भरायला जातं आणि "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" म्हणून थांबतं. फाइंड वापरा, नावं वजा प्रिंट० ने काढा आणि एक्सआर्ग्स वजा ० ला द्या. नावात मोकळी जागा असली तरी चुकत नाही, आणि मराठी नावांत ती असतेच.

त्याच सॉफ्टवेअरवाल्याला आणखी एक विचारा: पावती लिहिताना एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवून घेण्याची सूचना) करता का? योग्य रीत अशी. तात्पुरत्या नावाने फाइल लिहायची, तिच्यावर एफसिंक करायचं, मग तिचं खरं नाव ठेवायचं आणि शेवटी फोल्डरवरही एफसिंक करायचं. नाव बदलणं हे जर्नलमध्ये एकसंध घडतं. एक तर जुनी स्थिती नाहीतर नवी, मधली नाही. शून्य आकाराच्या फायलींची ओरड २००९ मध्ये जगभर झाली, तेव्हा ईएक्सटी४ मध्ये जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवण्याच्या प्रसंगापुरती काळजी घेतली गेली. अगदी नव्या नावाच्या फाइलला ते संरक्षण नाही आणि काट्याची प्रत्येक पावती नव्याच नावाची असते. छापलेला कागद कास्तकाराच्या हाती देण्याआधी एफसिंक झालेलं असलंच पाहिजे.

माउंटच्या पर्यायांत फार हात घालू नका. नोएटाइम लावलं तर फाइल नुसती वाचल्यावर होणारं लिखाण वाचतं, ते चांगलं. एरर्स, बरोबरचं चिन्ह (=), रीमाउंट वजा आरओ असं ठेवा, म्हणजे रचनेत चूक दिसताच पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उरतं आणि बिघाड पसरत नाही. असं झालं की रांग मोठी आहे म्हणून जबरदस्तीने पुन्हा लिहिण्याजोगं करू नका. तेवढा वेळ हाताने पावत्या लिहा, आणि डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघून तिसऱ्या कामाकडे या. वेग वाढतो म्हणून बॅरियर (लिखाण ठरल्या क्रमानेच डिस्कवर जाण्याची सक्ती) बंद करा असा सल्ला कुठेतरी मिळेल. बॅटरी असलेल्या मोठ्या सर्व्हरला तो चालत असेल. आपल्या लाइनवर नाही.

विंडोज आणि पेनड्राइव्ह

विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फोल्डरचा इंडेक्स आणि जर्नल दोन्ही पहिल्यापासून आहेत. तिथे मोठ्या फोल्डरचा अडसर बऱ्याचदा जुन्या आठ-तीन पद्धतीच्या (आठ अक्षरांचं नाव, तीन अक्षरांचं शेपूट) छोट्या नावांचा असतो. एकसारख्या सुरुवातीच्या हजारो नावांना वेगळं छोटं नाव शोधताना वेळ जातो. एफएसयूटिल कमांडने ती पद्धत बंद करता येते. फक्त नव्याने बनणाऱ्या फायलींना ते लागू होतं. दिवसवार फोल्डरची शिफारस तिथेही तशीच.

पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्यातली कार्डं एफएटी३२ किंवा एक्सफॅट असतात. त्यांना जर्नल नाही. एफएटी३२ च्या एका फोल्डरात ६५,५३६ नोंदींची जागा असते, आणि लांब नावाच्या एका फाइलला अशा कितीतरी नोंदी लागतात; म्हणून पंधरा-वीस हजार फायलींनंतरच फोल्डर भरल्याचा संदेश येऊ शकतो, पेनड्राइव्ह निम्मी रिकामी असली तरी. पावत्या पेनड्राइव्हवर न्यायच्याच असतील तर हजारो सुट्या फायली टाकू नका. दिवसाची एक टार किंवा झिप फाइल करा, ती टाका, सिंक चालवा आणि बाहेर काढण्याची सूचना दिल्यावरच पेनड्राइव्ह उपसा.